बोआ सापाची ऊब, खाणे आणि वीण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

परदेशातल्या मराठी घरांतून बोआ सापांविषयी बरीच पत्रे आली आहेत. पुण्याहून आणि सातारा जिल्ह्यातूनही आली आहेत. उत्तरांआधी एक खुलासा. दुकानात ‘कॉमन बोआ’ किंवा ‘रेड टेल’ म्हणून मिळणारा साप बहुतेक वेळा बोआ इम्पेरेटर असतो. तो मेक्सिकोपासून कोलंबियापर्यंतच्या पट्ट्यातला. दक्षिण अमेरिकेतला खरा बोआ कन्स्ट्रिक्टर याहून थोडा मोठा होतो. इम्पेरेटरची मादी साधारण ६ ते ८ फूट होते, नर ५ ते ६ फूट. नीट सांभाळलेला बोआ २० ते ३० वर्षे जगतो. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातला एक बोआ १९७७ साली मेला तेव्हा ४० वर्षांचा होता. साप घरात आणण्याआधी हा आकडा घरातल्या सगळ्यांना सांगावा.

प्रश्न : मुलाच्या हट्टामुळे दीड वर्षाचा बोआ घेतला. वजन ५०० ग्रॅम. दुकानदाराने दर पाच दिवसांनी एक मध्यम घूस-उंदीर (सुमारे १२० ग्रॅम) द्यायला सांगितले. गेल्या पंधरवड्यात त्याने दोनदा खाल्लेले तसेच बाहेर टाकले. परत लगेच खायला द्यावे का? — लेस्टर

लगेच मुळीच देऊ नका. भक्ष्य उलटून टाकताना सापाच्या जठरातले आम्ल, पाणी आणि क्षार बाहेर जातात, अन्ननलिका सोलवटते. त्यावर आठवडाभरात पुन्हा खायला दिले की तेही बाहेर येते, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी साप हाताशी लागत नाही. बोआची पिल्ले दगावण्याचे हे फार मोठे कारण आहे, आणि ते पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे.

आज वार लिहून ठेवा आणि तिथून पूर्ण १४ दिवस फक्त ताजे पाणी द्या. हाताळू नका. चौदा दिवसांनी १५ ग्रॅमच्या आसपासचा एक लहान उंदीर द्या. तो पचला, विष्ठा झाली, की पुन्हा १४ दिवसांनी तेवढाच. असे तीनदा सुरळीत झाले की हळूहळू ३० ग्रॅमपर्यंत या. मध्येच पुन्हा उलटी झाली तर सरीसृपांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या. विष्ठेची तपासणी आणि खाली ज्याविषयी लिहिले आहे त्या आयबीडीची चाचणी करून घ्या.

आता कारण. १२० ग्रॅम म्हणजे तुमच्या सापाच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा, आणि तो दर पाच दिवसांनी. अजगर असता तर एखादे वेळी पचवलाही असता; बोआची पचनसंस्था संथ आहे. उपासाच्या काळात त्याचे आतडे आक्रसलेले असते, खाल्ल्यावर ते वाढते, काम करते आणि पुन्हा आक्रसते. हा फेरा पुरा व्हायला वेळ द्यावाच लागतो. आम्ही धरतो ते प्रमाण असे : पहिल्या वर्षी सापाच्या वजनाच्या ८ ते १० टक्के भक्ष्य, १० ते १२ दिवसांनी, दुसऱ्या वर्षी ६ ते ८ टक्के, १४ दिवसांनी, तिसऱ्या वर्षापासून ५ टक्क्यांच्या आसपास, तीन-चार आठवड्यांनी, पूर्ण वाढलेल्या सापाला ३ ते ५ टक्के, चार ते सहा आठवड्यांनी. विष्ठा झाल्याशिवाय पुढचे जेवण नाही. साप काचेपाशी येऊन रोज वाट बघतो म्हणून तो उपाशी आहे असे समजू नका. बोआ संधी मिळेल तेव्हा खाणारा प्राणी आहे. पोट भरले असतानाही तो झडप घालतो. वर्षभरात पाच फूट केलेला बोआ दिसायला रुबाबदार असतो, पण त्याच्या पोटात चरबीचे थर आणि यकृतात बिघाड असतो.

दुसरे कारण बहुधा गारवा. पेटीतला तापमापक काचेवर वरच्या बाजूला चिकटवलेला असेल तर तो हवेचे तापमान सांगतो, सापाच्या पोटाखालचे नाही. उबदार टोकाला, सापाच्या उंचीवर ३१ ते ३२ अंश सेल्सिअस हवे. ते २६-२७ असेल तर भक्ष्य पचण्याआधी कुजते आणि वायू धरून बाहेर येते. शिवाय जेवणानंतर ४८ तास, मोठे भक्ष्य असेल तर ७२ तास, सापाला हात लावायचा नाही. मुलाला हे पटवून द्या.

गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळवा. मग झिपच्या पिशवीत घालून ४० अंशांच्या पाण्यात १५-२० मिनिटे बुडवा. बोटाने पोट दाबून आत गार गाठ राहिली नाही ना, ते पाहा. मायक्रोवेव्ह वापरू नका. पोट फुटते आणि आतून शिजते. फ्रीझरमध्ये उंदरांसाठी झाकणाचा वेगळा डबा हवा, साल्मोनेला घरच्या अन्नात जायला नको. आणि चिमट्याने दिलेला उंदीर सापाने विळख्यात घेतला की चिमटा लगेच सोडून देऊ नका, उंदीर थोडा हलवत राहा. बोआला विळख्यातल्या भक्ष्याच्या हृदयाचे ठोके जाणवतात, ते चालू असतात तोवर तो आवळत राहतो. मेलेला उंदीर अगदीच स्थिर राहिला तर काही साप तो टाकून देतात.

प्रश्न : माझी मादी दोन मीटरची आहे. चार फुटी काचेच्या टाकीखाली हीट मॅट लावली आहे, थर्मोस्टॅट नाही. तिच्या पोटावर तांबूस डाग दिसतात आणि कात तुकड्या-तुकड्यांनी निघते. — ह्यूस्टन

मॅट आज बंद करा. पोटावरचे तांबूस डाग म्हणजे भाजल्याच्या खुणा असू शकतात, पशुवैद्याला दाखवा. चार-पाच किलोचा साप मॅटवर बसला की वरची उष्णता कोंडते, काच तापत जाते. सापाला पोटाखालचा चटका वेळेवर जाणवत नाही, तो तिथेच बसून भाजतो. ‘हीट रॉक’ म्हणून विकला जाणारा दगडही याच कारणाने नको.

दोन मीटरच्या मादीला ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच ही कमीत कमी जागा. मोठ्या मादीला ८ फूट. पीव्हीसीची किंवा नीट सील केलेल्या लाकडाची, समोर सरकत्या काचा असलेली पेटी काचेच्या टाकीपेक्षा ऊब आणि ओल दोन्ही चांगली धरते. ऊब वरून द्या : छताला रेडिएंट पॅनेल किंवा १०० ते १५० वॅटचा सिरॅमिक बल्ब, त्याला जाळीचे कडे सक्तीचे, आणि पल्स पद्धतीचा थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारे टोक, उबदार टोकाला, सापाच्या पाठीच्या उंचीवर, स्क्रूने पक्का बसवा. नुसत्या चिकटपट्टीने लावलेला प्रोब साप घसपटून पाडतो. तो गार कोपऱ्यात किंवा पाण्याच्या भांड्यात पडला की थर्मोस्टॅटला पेटी थंडच वाटते आणि बल्ब थांबतच नाही. रात्रीत साप मरतो तो असा. म्हणून थर्मोस्टॅटवर भरवसा ठेवूनही वेगळा डिजिटल तापमापक, कमाल-किमान नोंद ठेवणारा, हवाच. गार टोक २६-२७, रात्री २४ च्या खाली नाही. दोन्ही टोकांना एकेक लपण्याची खोप, अंग घासून बसता येईल एवढीच मोठी. एकच खोप असली तर साप ऊब आणि आडोसा यांतले एकच निवडतो.

कात तुकड्यांनी निघते ती तुमच्या घरातल्या एसीने हवा कोरडी केल्यामुळे. ५५ ते ६५ टक्के आर्द्रता ठेवा. वरची जाळी दोन-तृतीयांश झाका, पाण्याचे भांडे मोठे ठेवा, नारळाच्या सालीचा किंवा सायप्रसचा भुसा चार इंच पसरा आणि त्याचा खालचा थर ओला ठेवा, वरचा कोरडा. देवदार आणि पाइनचा भुसा नको, त्यातले तेल श्वासाला बाधते. डोळे निळसर झाले की खोपीत ओले मॉस ठेवा. कात अडकली तर २८-३० अंशांच्या, पोट बुडेल एवढ्याच पाण्यात अर्धा तास, तेही तुम्ही समोर बसून. डोळ्यावरची झापड चिमट्याने ओढू नका. पुढच्या कातीबरोबर जाते, नाही गेली तर पशुवैद्य काढतो. ओल वाढवताना हवा कोंडू नका. ओली आणि कोंदट पेटी म्हणजे खवले सडणे आणि फुप्फुसाचा संसर्ग.

प्रश्न : हाताला चावून विळखा घातला तर? — लेस्टर

ओढू नका. दात मागे वळलेले असतात. ओढले की हात फाटतो आणि सापाचे दात तुटतात. हात गार पाण्याच्या धारेखाली धरा, किंवा सापाच्या तोंडाशी स्पिरिटचे दोन थेंब सोडा. विळखा शेपटीकडून उलगडा, शेपटीत जोर कमी असतो. जखम साबणाने धुवून डॉक्टरांना दाखवा. सहा फुटांवरचा बोआ एकट्याने बाहेर काढू नये आणि त्याला एकट्याने खायला देऊ नये. दुसरे मोठे माणूस घरात हवे. दर वेळी पेटी उघडताना हुकने पाठीला हलका स्पर्श करा, म्हणजे हे जेवण नाही हे सापाला कळते.

प्रश्न : जुना बोआ आहे, प्रदर्शनातून दुसरा आणला. आठवड्यात त्याच्या पाण्यात काळे ठिपके दिसले. दोघांच्या पेट्या शेजारी आहेत. त्याच खोलीत कासवही आहे. — बर्मिंगहॅम

ठिपके म्हणजे माइट, सापाच्या अंगावरच्या रक्तपिपासू किडी. नवा साप आजच वेगळ्या खोलीत हलवा. आधी जुन्याचे काम करा, मग नव्याचे. उलट क्रमाने कधीच नाही. चिमटे, भांडी, हुक वेगळे. माइटची अंडी सापावर नसतात, पेटीच्या फटींत असतात, आणि उबेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास दोन ते तीन आठवड्यांत होतो. म्हणून भुसा पूर्ण टाकून पेटीत कागद अंथरा, लाकडी वस्तू टाकून द्या, फटी घासा, आणि शेवटचा माइट दिसल्यानंतरही सहा आठवडे कागदावरच ठेवा. औषध पशुवैद्याकडूनच. तुमच्याकडे कासव आहे म्हणून खास सांगतो : सापांना चालणारे आयव्हरमेक्टिन कासवाला मारते.

माइटची खरी भीती मात्र वेगळी आहे. इन्क्लूजन बॉडी डिसीज, म्हणजे आयबीडी, हा बोआ पाळणाऱ्याने नावानिशी ओळखावा असा रोग. त्यामागचे अरेनाव्हायरस २०१२ साली ओळखले गेले. माइट तो पसरवतात असा दाट संशय आहे, आणि आईकडून पिल्लांतही तो जातो. वारंवार उलट्या, तोंडात पू, मान मागे टाकून वर बघत राहणे, उताणे केल्यावर सुलटे न होता येणे ही लक्षणे. अजगर त्याने लवकर मरतात; बोआ मात्र वर्षानुवर्षे धडधाकट दिसत रोग बाळगतो आणि इतरांना देतो. उपचार नाही. रक्ताचा स्मिअर आणि पीसीआर या दोन चाचण्या आहेत. एका चाचणीचा निर्दोष निकाल पुरेसा मानू नका, काही महिन्यांनी पुन्हा करा. नवा बोआ कितीही खात्रीच्या घरून आला तरी ९० दिवस वेगळा ठेवावा. आम्ही सहा महिने सांगतो.

प्रश्न : माझी मादी चार वर्षांची, वजन २.८ किलो, नर तीन वर्षांचा. दोघेही मॉटली रंगाचे. या हिवाळ्यात जोडी लावावी म्हणतो. पद्धत सांगा. — ह्यूस्टन

आधी जोडीविषयी. मॉटलीला मॉटली लावू नका. चार पिल्लांत सरासरी एकाला ती जनुके दोन्हीकडून मिळतात, आणि अशी ‘सुपर मॉटली’ पिल्ले बहुतेक लहानपणीच मरतात. दिसायला काळीभोर, देखणी असतात आणि काही महिन्यांत जातात. मॉटली आणि साधा अशी जोडी लावली तर निम्मी पिल्ले मॉटली येतात, एकही मरायला जन्माला येत नाही. अल्बिनोंच्या बाबतीतही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : काल आणि शार्प या दोन वेगळ्या अल्बिनो वाणांचा संकर केला तर सगळी पिल्ले साध्या रंगाची निघतात.

मादीला आणखी निदान एक वर्ष द्या. साडेतीन-चार किलो, पाच वर्षे पूर्ण, आणि ते वजन हळूहळू स्नायूंचे झालेले हवे. घाईने चरबी चढवून वजन गाठलेल्या मादीला बीजांडे नीट धरत नाहीत, निम्मा वेत पिवळ्या गाठींचा, म्हणजे न फळलेल्या बीजांडांचा निघतो.

पुढच्या वर्षीची पद्धत. ऑक्टोबरच्या मध्यावर दोघांचे शेवटचे जेवण. पोट रिकामे व्हायला तीन-चार आठवडे द्या. पोटात अन्न असताना गारवा दिला तर ते सडते. नोव्हेंबरच्या मध्यापासून रात्रीचे तापमान आठवड्याला एकेक अंशाने उतरवत २२-२३ वर आणा. दिवसा आठ-दहा तास उबेची जागा ३१ अंशांवर राहिलीच पाहिजे. चोवीस तास गार ठेवणे म्हणजे फुप्फुसाच्या संसर्गाला आमंत्रण. सहा ते आठ आठवडे हे असेच. डिसेंबरमध्ये नराला मादीच्या पेटीत सोडा. तो गुदद्वाराशेजारच्या नखासारख्या काट्यांनी तिच्या शेपटीजवळ खाजवत राहतो. काही दिवस ठेवा, काही दिवस काढा. मीलन अनेकदा व्हायला हवे, एकदा दिसले म्हणून थांबू नका. दोन नर एकत्र कधीच नाही. फेब्रुवारीपासून तापमान पूर्ववत करा.

मादीच्या अंगाच्या मध्यावर, मोठे भक्ष्य गिळल्यासारखा, एक-दोन दिवस राहणारा फुगवटा दिसला की बीजांडे सुटली. तारीख लिहा. त्यानंतर सुमारे अडीच आठवड्यांनी ती कात टाकते. ही कात सर्वांत महत्त्वाची. तिच्यापासून १०० ते १२० दिवसांत पिल्ले, बहुतेकदा १०५ च्या आसपास. नर कायमचा बाहेर काढा. मादी उबेला चिकटून राहते, कधी पोट वर करून बसते, खाणे सोडते; हे सगळे ठीक आहे. उबेची जागा ३१-३२ च्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर वाकड्या कण्याची पिल्ले येतात. गार कोपराही मोकळा ठेवा, निवड तिची तिला करू द्या.

घोणशीप्रमाणे बोआही थेट पिल्ले घालतो. वेत साधारण २० ते ३० चा, क्वचित ५० च्या वर. पातळ पडद्यातून पिल्ले स्वतः बाहेर येतात. बेंबीला बलक लोंबत असेल तर कापू नका; ओल्या किचन पेपरवर एकेका डब्यात ठेवा, दोन-तीन दिवसांत सुकून पडतो. ७ ते १४ दिवसांत पहिली कात, त्यानंतरच पहिले खाणे : अंगावर नुकतीच लव आलेले उंदराचे पिल्लू. जे खात नाही त्याला लहानशा अंधाऱ्या डब्यात वितळवलेल्या पिल्लासोबत रात्रभर एकटे ठेवा. जबरदस्तीने भरवण्याची घाई करू नका, सहा आठवडे ते सहज थांबू शकते. विणीनंतर मादीच्या पोटात गाठ राहिली तर एक-दोन दिवसांत एक्स-रे काढा. गाठ नसेल तर तिला कोमट पाण्याने धुवा, दहा दिवसांनी लहानसे जेवण द्या, आणि पुढचे निदान एक वर्ष वीण नाही.

जोडी लावण्याआधी हा हिशेब कागदावर मांडा : २५ पिल्ले म्हणजे २५ डबे, २५ उबेच्या जागा, १२ दिवसांनी एक उंदीर धरला तर तीन महिन्यांत १७५ उंदीर. आणि तीन महिन्यांत दहाही पिल्ले विकली गेली नाहीत तर? घेणारे आधी ठरलेले नसतील तर जोडी लावू नये, हे आमचे ठाम मत आहे. नको झालेले बोआ बाहेर सोडल्याने काय होते ते अरुबा बेटाने पाहिले आहे. १९९९ पासून तिथे परका बोआ जंगलात वाढतो आहे आणि स्थानिक पक्षी, सरडे खातो आहे.

प्रश्न : मादी दोन वर्षे एकटी आहे, तरी तिने पाच पिल्ले दिली! — ह्यूस्टन

शक्य आहे. मादी आधीच्या नराचे शुक्राणू साठवू शकते, किंवा नराशिवायच पिल्ले होऊ शकतात. बोआमधल्या अशा जन्मांची नोंद २०११ साली जनुकीय चाचणीने पक्की झाली. ती पिल्ले सगळी माद्याच होती. तुमच्या पिल्लांत एक जरी नर निघाला तर शुक्राणू साठवलेले होते असे समजा.

प्रश्न : पुण्यात बोआ पाळता येतो का? ऑनलाइन ‘कागदांसह’ विकणारे भेटतात. — पुणे

बोआ साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट २ मध्ये आहे (अर्जेंटिनाचा बोआ परिशिष्ट १ मध्ये). वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अशा परदेशी प्रजाती अनुसूची ४ मध्ये आल्या. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने परिवेश २.० या पोर्टलवर नोंद करायची असते, आणि हस्तांतर, जन्म, मृत्यू हेही कळवायचे असते. परिशिष्ट १ मधल्या प्रजातीची वीण करायची तर मुख्य वन्यजीव रक्षकांचा वेगळा परवाना लागतो. विकणाऱ्याने स्वतः दिलेला ‘ना हरकत’ कागद म्हणजे कागद नव्हे. त्याच्या नावावर त्याच सापाची नोंद आहे का, आणि तो साप आला कुठून, हे विचारा. उत्तर नसेल तर घेऊ नका. बँकॉकहून बॅगांत कोंबून आणलेले साप मुंबई विमानतळावर वारंवार पकडले जातात. त्यांतले किती जिवंत पोहोचतात याचा विचार करा. कागद पक्के असले तरी सरीसृपांचा जाणकार पशुवैद्य तुमच्या शहरात आहे का, ते आधी बघा.

प्रश्न : बोआ नको, पण आमच्या शेतात मांडूळ निघते, तेही बोआच्याच कुळातले ना? ते पाळले तर? — सातारा जिल्हा

कुळ तेच, पण मांडूळ आपल्या रानातला साप आहे. कायद्याने संरक्षित. पकडणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे. दोन तोंडे, गुप्तधन, वजनाप्रमाणे लाखांचा भाव या सगळ्या भूलथापा आहेत. दुसरे तोंड म्हणजे बोथट शेपूट, भक्षकाला फसवायला. या अफवांपायी मांडुळांचे वजन वाढवायला त्यांना काहीबाही भरवले जाते, शेपटीला डाग दिले जातात आणि ते तडफडून मरतात. शेतात असेल तर उंदीर खाईल, तुमचा फायदाच आहे.

नांगरताना जखमी झाले किंवा कोणी पकडून ठेवलेले कळले, तर वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा. तोवर ते सुती पोत्यात, सावलीत ठेवा, पाणी-दूध पाजू नका. आणि उचलण्याआधी नीट बघा. एकरंगी तपकिरी, गुळगुळीत अंग, शेपूट तोंडाएवढीच जाड असेल तरच ते मांडूळ. अंगावर ठिपके किंवा नक्षी असेल तर ते कदाचित निरुपद्रवी दुरक्या घोणस असेल, कदाचित खरी विषारी घोणस. हा फरक हातात धरून ठरवायचा नसतो. चार हात लांब राहा आणि सर्पमित्र येईपर्यंत त्यावर नुसती नजर ठेवा.